भूल देणारी सिस्टर

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेचे तालुके. डोंगर, घाटरस्ते, विखुरलेले पाडे, आणि पावसाळ्यात कोणता फरशीपूल पाण्याखाली जाईल याचा नेम नाही. या पट्ट्यात एखाद्या बाईचं बाळंतपण रात्री अडलं, बाळाचे ठोके मंदावले आणि सिझरशिवाय मार्ग नाही असं ठरलं, तरी दरवेळी अडचण पोटावर सुरी चालवणाऱ्याचीच असते असं नाही. सिझर करू शकणारे डॉक्टर कधीकधी हाताशी असतात. टेबल असतं, दिवा असतो, निर्जंतुक करून ठेवलेली हत्यारं असतात. नसतो तो भूलतज्ज्ञ. मग कागदावर 'रेफर' असा शब्द पडतो, १०८ रुग्णवाहिकेला फोन जातो आणि गाडी नाशिकच्या सिव्हिलच्या दिशेने निघते. सुरगाण्याहून हे अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटरचं आहे.

सरकारी नियमांत याची जाणीव नाही असं मुळीच नाही. जिथे चोवीस तास सिझर व्हायला हवं अशा रुग्णालयाला 'प्रथम संदर्भ केंद्र' म्हणतात, आणि त्याच्या अटींत प्रसूतितज्ज्ञ, रक्ताची सोय आणि भूल देणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. एक नसेल तर उरलेल्या दोन निकामी. २०१५ साली 'लॅन्सेट'च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने एक साधा निकष दिला: सिझर, पोट उघडण्याची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या मोडीवर उपचार, या तीन गोष्टी किमान ऐंशी टक्के लोकांपासून दोन तासांच्या आत असाव्यात. सर्जन, प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून लाख लोकसंख्येमागे किमान २० असावेत, असंही त्या आयोगाने सुचवलं. नाशिक शहरात, गंगापूर रोड ते मुंबई नाक्याच्या पट्ट्यात उभं राहिलं तर हा निकष फारसा अवघड वाटत नाही. पश्चिम पट्ट्यातल्या हरसूल किंवा बाऱ्हे इथे उभं राहून तोच निकष वाचा.

शहरातही भूलतज्ज्ञ फिरता असतो. लहान नर्सिंग होमला पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही, म्हणून हे डॉक्टर आपली बॅग गाडीत टाकून सकाळी एका दवाखान्यात, दुपारी दुसऱ्यात आणि रात्री तिसऱ्यात जातात. सरकारी रुग्णालयंही केसमागे मानधन देऊन खासगी भूलतज्ज्ञाला बोलावतात. ही माणसं प्रचंड काम करतात, आणि त्यांचं नाव रुग्णाला बहुतेक वेळा माहीतही नसतं. पण घाट चढून अर्ध्या रात्री पोहोचणं त्यांच्याही हातात नसतं.

त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये एक बाई मात्र रोज हजर असते. ओटी सिस्टर. कोणत्या ट्रेमध्ये कितव्या नंबरची ट्यूब आहे, सक्शन चालतं का, ऑक्सिजनचा सिलिंडर किती भरला आहे, हे तिला माहीत असतं. पाठीत इंजेक्शन दिल्यावर बाईचा रक्तदाब कसा कोसळतो, तिला मळमळायला लागतं, टेबल डावीकडे कलवायचं असतं आणि रक्तदाब सावरणारं मेफेन्टरमिनचं इंजेक्शन भरलेलं हाताशी हवं असतं, हे तिने शेकडो वेळा पाहिलेलं असतं. पण महाराष्ट्रात ती दहा वर्षं ओटीत राहिली, वीस वर्षं राहिली, तरी तिला भूल देण्याचं रीतसर शिक्षण घेता येत नाही. तसा अभ्यासक्रमच नाही.

अमेरिकेत हाच अभ्यासक्रम आता डॉक्टरेटच्या पातळीवर नेला आहे. १ जानेवारी २०२२पासून भूल देणारी परिचारिका व्हायचं म्हणून जो प्रवेश घेईल, त्याला डॉक्टरेट पदवीच घ्यावी लागते. त्याआधी मास्टर्स पुरत असे. आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक नर्सिंगच्या विद्यार्थिनींना जिथून पदवी मिळते, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रोडवर म्हसरूळला आहे, सुरगाण्याला जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी. म्हणून हा विषय मला नाशिकचा वाटतो.

अमेरिकेत परिचारिकांच्या हाती भूल कशी आली, ते आधी पाहू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला. त्यानंतर कित्येक वर्षं ईथर देण्याचं काम थिएटरातल्या सर्वांत कनिष्ठ माणसाकडे, बहुधा शिकाऊ विद्यार्थ्याकडे, सोपवलं जाई. त्याचं लक्ष रुग्णाच्या श्वासापेक्षा सर्जनच्या हाताकडे असे, कारण त्याला सर्जन व्हायचं असे. रुग्ण टेबलावर दगावत. तेव्हा काही सर्जनांनी कॅथलिक रुग्णालयांतल्या नन परिचारिकांना हे काम शिकवलं. त्यांचं लक्ष रुग्णावरून हलत नसे. मिनेसोटातल्या मेयो बंधूंच्या रुग्णालयात अ‍ॅलिस मॅगॉ नावाच्या परिचारिकेने हे काम शास्त्राच्या पातळीवर नेलं. ईथरचे थेंब मोजून, हळूहळू, रुग्णाशी बोलत बोलत ती भूल देई आणि प्रत्येक केसची नोंद ठेवी. १९०६ साली तिने १४,००० हून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. त्या काळात हा आकडा विश्वास बसू नये असा होता.

डॉक्टरांच्या संघटनांनी पुढे याला विरोध केला आणि प्रकरणं कोर्टात गेली. १९१७मध्ये केंटकीत आणि १९३६मध्ये कॅलिफोर्नियात डॅग्मार नेल्सन या परिचारिकेच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की सर्जनच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल देणं हा बेकायदा वैद्यकीय व्यवसाय नव्हे. दरम्यान १९३१मध्ये अगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. हॉजिन्स पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात काम करून आल्या होत्या. युद्धाच्या आघाडीवर भूल देणाऱ्यांत आजही या परिचारिका मोठ्या संख्येने असतात.

या वाटेवरचं आजचं शिक्षण किती कठोर आहे, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. आधी नर्सिंगची पदवी आणि नोंदणी. मग अतिदक्षता विभागात किमान एक वर्षाचं काम. प्रत्यक्षात बहुतेकजण दोन-तीन वर्षं करतात. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण, धमनीत घातलेली लाइन, मिनिटाला थेंब बदलून सांभाळावा लागणारा रक्तदाब, हे सगळं अंगवळणी पडल्याशिवाय प्रवेशाच्या मुलाखतीतच निभाव लागत नाही. प्रवेश मिळाल्यावर किमान ३६ महिने. पहिल्या वर्षी औषधशास्त्र, शरीरक्रिया, वायूंचं भौतिकशास्त्र, भुलीच्या यंत्राची रचना. यंत्रात कुठे गळती झाली तर कोणता आवाज आधी बदलतो, इथपर्यंत. मग पुतळ्यावरचा सराव, आणि त्यानंतर ऑपरेशन थिएटर. किमान २,००० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत आणि किमान सहाशे केस. त्यातही प्रकार ठरलेले: लहान मुलं, वृद्ध, हृदयाच्या शस्त्रक्रिया, मेंदूच्या, बाळंतपणाच्या, तातडीच्या. नुसत्या सोप्या केस गोळा करून आकडा भरता येत नाही. शेवटी राष्ट्रीय परीक्षा, आणि त्यानंतरही ठरावीक काळाने प्रमाणपत्राचं नूतनीकरण.

डॉक्टरेटचा भाग याच्यावर चढवलेला आहे. ही पीएचडी नव्हे. इथे रुग्णालयातला एखादा खरा प्रश्न घेऊन तो सोडवून दाखवायचा असतो: शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या कमी कशा होतील, सिझरच्या बाईला कुडकुडायला होऊ नये म्हणून काय बदलावं, केस एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कोणती माहिती सुटते. या काळात नोकरी करणं जवळजवळ अशक्य असतं, आणि फी इतकी असते की विद्यार्थी मोठं कर्ज डोक्यावर घेऊनच बाहेर पडतात. मात्र पगारही तसा आहे. २०२३च्या अमेरिकी सरकारी आकडेवारीनुसार या परिचारिकांचं वर्षाचं सरासरी उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर होतं.

डॉक्टरेटची ही सक्ती गरजेची होती का, यावर तिथेही वाद आहे. माझ्या मते ती सक्ती सुरक्षिततेपेक्षा प्रतिष्ठेच्या लढाईतून जास्त आली. फार्मसी आणि फिजिओथेरपी या शाखा आधीच डॉक्टरेटवर गेल्या होत्या, मग नर्सिंगने मागे का राहावं, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. दुसरीकडे २००१पासून तिथल्या राज्यांना मुभा मिळाली, की सरकारी विम्याच्या केसमध्ये परिचारिकेवर डॉक्टरची देखरेख असण्याची अट हवी तर काढून टाकावी. आयोवाने सर्वांत आधी ती काढली, आणि ग्रामीण भाग मोठा असलेली बरीच राज्यं त्या वाटेने गेली. भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटना त्याला आजही विरोध करतात.

पुरावा काय सांगतो? २०१४मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरचे अभ्यास तपासले आणि निष्कर्ष दिला, की डॉक्टरची भूल जास्त सुरक्षित की परिचारिकेची, हे ठामपणे सांगण्याइतका चांगला पुरावा उपलब्ध नाही. मात्र २०१६मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या बाळंतपणाच्या भुलींचा आढावा आला, तो आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. त्यात डॉक्टर भूल देत असताना हजारामागे ५.२ मातांचा मृत्यू दिसला, तर डॉक्टर नसलेल्यांच्या हाती ९.८. यातला किती फरक शिक्षणाचा, किती दुर्गम रुग्णालयांतल्या साधनांच्या अभावाचा आणि किती उशिरा पोहोचलेल्या बायकांचा, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण परिचारिकेला भूल शिकवा म्हणणाऱ्या कुणीही हा आकडा लपवू नये. पूर्ण भूल दिली तर मातेच्या मृत्यूचा धोका पाठीतल्या इंजेक्शनच्या तुलनेत तिपटीने वाढतो, हेही त्याच अभ्यासात आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की काय शिकवायचं आणि काय शिकवूनही करू द्यायचं नाही, याचा अंदाज येतो.

भारत अमेरिकेच्या वाटेने गेला नाही, कारण आपण इंग्लंडची वाट धरली. तिथे भूल सुरुवातीपासून डॉक्टरांकडे राहिली. १८५३मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे जॉन स्नो हे डॉक्टरच होते. भारतात मार्च १८४७मध्ये कलकत्त्याला ईथर वापरलं गेलं. पुढे आजचा मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९मध्ये क्लोरोफॉर्म आयोगाने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुढे अपुरा ठरला, पण श्वासाकडे लक्ष ठेवा हा धडा टिकला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. त्या डॉक्टरकी शिकल्या होत्या, पुढे एडिंबरोलाही गेल्या. म्हणजे भुलीच्या कामात बाई आपल्याकडे फार आधी आली, पण परिचारिका म्हणून नव्हे. मिशनच्या दूरच्या रुग्णालयांत नर्सेसना हे काम शिकवून त्यांच्याकडून करून घेतलं जाई. कायद्याने त्याला कधी मान्यता दिली नाही आणि हळूहळू ते मागे पडलं.

आज भारतात भूल द्यायची तर एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि त्यावर एमडीची तीन, किंवा डीएनबी, किंवा दोन वर्षांची पदविका. एवढ्या काळानंतर तयार झालेला तरुण डॉक्टर शहरात राहिला तर त्याला दोष देता येत नाही. सरकारला ही टंचाई माहीत होती. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत तातडीच्या बाळंतपणापुरती भूल शिकवण्याची योजना आली. कल्पना चांगली होती. पण प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी बऱ्याच डॉक्टरांनी प्रत्यक्षात भूल दिलीच नाही, कारण एकटं पडण्याची भीती, सरावाचा अभाव, सतत होणाऱ्या बदल्या आणि कोर्टकचेरीची धास्ती. शिवाय यातले अनेकजण एमडीच्या परीक्षेची तयारी करत असतात. प्रवेश मिळाला की निघून जातात. ग्रामीण रुग्णालयात त्यांच्या तुलनेत टिकून राहते ती सिस्टर, जिचं घर, मुलांची शाळा आणि सासर त्याच तालुक्यात असतं.

आता नाशिकची एखादी हुशार मुलगी घ्या. तिला भूल देणारी परिचारिका व्हायचं आहे. बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं ती आरोग्य विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयातून करते, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करते, आयसीयूत लागते. इथून पुढे तिच्यासमोर एमएस्सी आहे, पीएचडी आहे, पण दोन्ही वाटा तिला वर्गाच्या फळ्यापाशी नेतात. रुग्णाच्या डोक्यापाशी नाही. अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने काढला आहे. त्याने ती आयसीयूत पुढे जाईल, ओटीत नाही. बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीतून भूल तंत्रज्ञ होता येतं, पण ती बारावीनंतरची वेगळी शाखा आहे, आणि तंत्रज्ञाचं काम यंत्र आणि साहित्य सांभाळून भूलतज्ज्ञाला साथ देण्याचं आहे. उरते ती परदेशाची वाट: कागदपत्रांची पडताळणी, एनक्लेक्स ही तिथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, मग व्हिसाची रांग, जी भारतीयांसाठी वर्षानुवर्षं हलत नाही. तिथे पोहोचल्यावर पुन्हा आयसीयू, आणि मग ते ३६ महिने. इतकं करून ती डॉक्टरेट घेऊन नाशिकला परत आली, तर इथल्या नियमांप्रमाणे ती अधिपरिचारिका. भूल देण्याचा अधिकार शून्य. कोण परत येईल?

याच राज्याने २०१४मध्ये कायदा बदलून होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहिण्याचा मार्ग खुला केला, आणि तो अभ्यासक्रम याच म्हसरूळच्या विद्यापीठाने चालवला. त्यावर वाद झाले, प्रकरण कोर्टात गेलं. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर आयुर्वेद पदवीधर आणि नर्सेसना उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमलं गेलं. २०१८मध्ये केंद्राने १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन नर्सेसना स्वतंत्रपणे नैसर्गिक बाळंतपण करू देण्याची दिशा ठरवली. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२मध्ये मध्यम पातळीच्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणजे काम वाटून घेण्याचं तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे. नेमकी भूल, जिथे टंचाई आईच्या जिवावर उठते, तीच यादीत नाही.

भूलतज्ज्ञांचे आक्षेप मी मनापासून गंभीर मानतो. एक आक्षेप असा, की खासगी रुग्णालयाचे मालक स्वस्तातली नर्स ठेवतील आणि भूलतज्ज्ञाला सुट्टी देतील. हे होईल, नक्की होईल, जर परवाना मोकळा दिला तर. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे: पाठीत सुई टोचणं सोपं आहे, पण ते इंजेक्शन वर चढून बाईचा श्वास थांबला तर काय? गरोदर बाईचा घसा सुजलेला असतो, पोट भरलेलं असतं, ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. तेव्हा श्वासनलिकेत ट्यूब घालता आली नाही तर मिनिटांत आई आणि बाळ दोघंही जातात. म्हणून फक्त सुई शिकवणारा तीन-चार महिन्यांचा कोर्स काढला, तर तो सरळ घात आहे. ९.८ हा आकडा अशाच अर्धवट शिक्षणाच्या जागांवरून येतो, अशी माझी समजूत आहे.

अमेरिकेकडून घ्यायची ती डॉक्टरेट नव्हे. घ्यायची ती त्या शिक्षणाची शिस्त: आधी आयसीयूचा अनुभव, मग पूर्णवेळ निवासी प्रशिक्षण, केसचे प्रकार आणि संख्या ठरलेली, प्रत्येक केसवर सही, शेवटी सर्वांसाठी एकच परीक्षा. आपल्याकडे दोन ते अडीच वर्षांचा निवासी अभ्यासक्रम पुरेल. त्यात पूर्ण भूल आणि अवघड घसा शिकवायचाच, जीव वाचवण्यासाठी. परवाना मात्र मर्यादित ठेवायचा: सरकारी प्रथम संदर्भ केंद्र, इतर आजार नसलेल्या बाईचं सिझर, पाठीतलं इंजेक्शन, आणि फोनवर सतत उपलब्ध असणारा, नावानिशी जबाबदार भूलतज्ज्ञ. खासगी रुग्णालयात या परवान्याला किंमत नाही, हे कायद्यातच लिहायचं. आणि पद वेगळं, पगार वेगळा, बदली नाही. पद आणि पगाराची ही गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, कारण नर्सला शिकवायला आपलं सरकार तयार होतं, पण शिकल्यावर तिला वर चढवायला नाही.

हे सगळं शिकवायला लागतं ते नाशिकमध्ये आहे. सिव्हिल आणि विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय, इगतपुरीजवळ धामणगावचं एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठाची स्वतःची पदव्युत्तर संस्था. कळवणचं उपजिल्हा रुग्णालय आणि मालेगावचं सामान्य रुग्णालय इथे पुढचा सराव होऊ शकतो. १९४७च्या जुन्या परिचर्या कायद्याची जागा घेणारा २०२३चा राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायदा आला आहे, नियम नव्याने लिहिले जाण्याचा हा काळ आहे. एकदा ते लिहून झाले की पुन्हा उघडायला पिढी जाते.

म्हणून आरोग्य विज्ञान विद्यापीठाला विनंती, की भूलतज्ज्ञांच्या संघटनेला आणि ओटीत वर्षं काढलेल्या सिस्टरांना एका टेबलावर बोलावून या अभ्यासक्रमाचा मसुदा करावा आणि पहिली छोटी तुकडी नाशिकमध्येच घ्यावी. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी तो मसुदा मुंबई-दिल्लीत लावून धरावा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी घरातलं कुणी ऑपरेशनला जाईल तेव्हा सर्जनच्या नावाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: भूल कोण देणार आहे, आणि ते रुग्णाला आदल्या दिवशी भेटणार आहेत का.